छातीखालचा चट्टा

(दवाखाना. पडद्याआड तपासणीचं टेबल.)

सून : तीन महिने, डॉक्टर! सासूबाईंनी ब्र काढला नाही. आज मी चुकून न्हाणीघराचं दार ढकललं म्हणून दिसलं.

सासू : चारचौघांत सांगायची गोष्ट आहे का ती?

सून : मी चारचौघं आहे?

डॉक्टर : थांबा जरा. आजी, हात वर. दोन्हीकडे आहे की! आग होते?

सासू : मिरची चोळल्यासारखी. लाँड्रीत दिवसभर वाफेच्या इस्त्रीसमोर उभी असते मी.

डॉक्टर : घाम साचतो, कातडीवर कातडी घासते, ओल राहिली की बुरशी धरते. काय लावलंत?

सासू : आधी पावडर. मग औषधाच्या दुकानातली ट्यूब. चार दिवस बरं, की पुन्हा दुप्पट.

डॉक्टर : त्या ट्यूबनंच भडकलंय. खाज दबते, बुरशी माजते. आजच बंद. साखरही तपासू, ती वाढलेली असेल तर हे हटत नाही. कुणाला ब्राच्या इलास्टिकचाही त्रास होतो.

सासू : आणि... गाठ?

डॉक्टर : हाताला लागत नाही. पंधरा दिवसांत चट्टा गेला नाही, तर पुढची तपासणी करू.

सून : म्हणजे ही भीती घेऊन बसला होतात! आणि मला वाटलं, मुलगी झाली म्हणून रुसलात.

सासू : काय?

सून : दोन महिन्यांत नातीला एकदाही उचललं नाहीत! ती रडून रडून लाल, आणि तुम्ही दार लावून आत. मनातल्या मनात रोज शिव्या घातल्यात तुम्हाला.

सासू : दुकानदार म्हणाला, गजकर्ण आहे, पसरतं. तान्ह्या जिवाला लागलं असतं, तर मला उभी जाळली असतीस.

सून : सांगायचं होतंत!

सासू : सांगितलं असतं, तर तिला घेऊन माहेरी गेली असतीस.

सून : एवढंच ओळखलंत मला?

सासू : तू तरी मला काय ओळखलंस?

डॉक्टर : पुढचं घरी भांडा. हे गजकर्ण नाही; बाळाला खुशाल मांडीवर घ्या, हात तेवढे धुवा. जागा कोरडी ठेवायची, हे मलम दोन वेळा. कपडे घाला आता.

सासू : ...हात मागे जात नाही गं. ओढ बसते.

सून : मग बोला ना तसं! फिरा इकडे. हुक मी लावते.