गुहेतल्या अस्वलाची ओळख

थीम पार्कमधून निघताना मनगटावरचे पट्टे परत करायची रांग होती. माझ्या पुढे कॉलेजातली एक मुलगी आणि तिचे वडील.

"बाबा, तुम्ही बनवलेलं यांत्रिक अस्वल भारीच हं. गुहेत शिरल्याशिरल्या नावाने हाक मारली."

"जीव ओतलाय त्यात. आलेल्या प्रत्येकाला वाटलं पाहिजे, हे मला ओळखतं."

"मला म्हणालं, अंधाराला घाबरू नकोस, मी आहे ना."

"तुझ्या पट्ट्यात माहिती मीच भरली ना सकाळी! अस्वल तेच वाचून बोलतं."

"मी नाही घाबरत आता अंधाराला."

"कधीपासून?"

"तुम्ही अस्वलाच्या कामात होतात, आईची रात्रपाळी. दिवे गेले की एकटीच असायचे. मग झाली सवय."

"आणि तुझा आवडता गुलाबी रंग? तोही भरला होता मी."

"तो तर शाळेतच सुटला."

"मग गुहेत गुलाबी दिवे लागल्यावर एवढी हसलीस कशाला?"

"तुम्ही काचेआडून बघत होतात म्हणून."

वडील मनगटावरचा पट्टा नुसताच फिरवू लागले.

"पट्टा काढा, बाबा. आपलाच नंबर आहे."

"थांब जरा. हल्ली तुला कशाची भीती वाटते?"

"पुढे सरका ना, बाबा. मागे लोक खोळंबलेत."