मिठाशिवायची शेंगाचटणी

आमच्या आईच्या रेसिपींचं सांगतो. मी त्या वर्डमध्ये टाइप करून तिच्या तिन्ही बहिणींना पाठवल्या. वैरागच्या मावशीनं फाईलमध्येच शेंगाचटणीचं तिखट दुप्पट केलं आणि सगळ्यांना परत धाडली. आई भडकली.

"कुणाला हातच लावता येणार नाही, असं काहीतरी कर."

मी तिखट पहिल्यासारखं केलं आणि ईबुक बनवून पाठवलं. एरवी दिवाळीलाच फोन करणाऱ्या मावशीचा दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"अक्का, चटणीत मीठच लिहिलं न्हाईस की. ह्यात घालायला बी येईना."

त्यावरून दोघी तासभर बोलत बसल्या. मी म्हणालो, "माझ्याकडून ओळ उडाली. दुरुस्त करून पुन्हा पाठवतो."

"काही नको," आई म्हणाली. "अजून दोघींचे फोन यायचेत."