बुटकी बाकं

— हो हो, लावलंय दार, कडीसुद्धा घातलीय, अंगणातल्यांना इथलं काही ऐकू जात नाही — आणि गेलं तरी काय, त्यांनीच मला सांगितलं ना, हाज रिदवान, तुम्ही त्याचे शेजारी, त्याच्या बापाचे दोस्त, तुम्हीच चार शब्द समजावा आपल्या सुताराला, उस्ता लबीबला, तुमचं ऐकेल तो. म्हणून आत आणलं तुला. बस ना. नाही? बरं, उभा राहा. चहा तरी — नाही घेणार, माहीत आहे, मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा यजमानाचा चहा ओठाला लावत नाही, ही आपल्याकडची रीत, तुमच्यातही तीच आणि आमच्यातही तीच. पण लबीब, तू मागितलंयस तरी काय? दोन तास झाले, बाहेर एक शब्द बोलला नाहीस. मुखिया बोलला, पोलीस अधिकारी बोलला, मिन्या शहरातून आलेले तुमचे पाद्रीबाबा बोलले — म्हणजे ते बिचारे नुसती मान हलवत होते — आणि तू आपला पायाच्या बोटांकडे बघत बसलायस.

समेटाचा कागद तुला वाचून दाखवला. पुन्हा सांगू? तू फिर्याद मागे घ्यायची. गेल्या शुक्रवारी जमावात कोण होतं, पेटता बोळा कुणी टाकला, हे पुन्हा कुणी विचारायचं नाही. आणि तू, बायको, पोरं, म्हातारी, सगळ्यांनी पाच वर्षं गावाबाहेर राहायचं — गावाच्या शांततेसाठी, असं लिहिलंय. शेवटी एक वाक्य आहे, परवानगी नसताना घरात चर्च काढलं म्हणून गावाची माफी मागतो. ते वाक्य मलाही — जाऊ दे. वाक्यच आहे. वाक्याने काही कुणाचं घर जळत नाही. चुकलो, असं बोलायला नको होतं.

नाहीतर काय करशील, कोर्टात जाशील? जा की. साक्षीला कोण उभं राहणार? तुमच्या चर्चचा अर्ज बारा वर्षं धूळ खात पडलाय, प्रार्थनेला तुम्ही सगळे उसाच्या ट्रॉलीत बसून कालव्यापलीकडच्या गावी जाता, म्हातारीला चौघं उचलून वर चढवतात — मी बघत नाही का? बघतो. वाईट वाटतं. मुखियाजवळ एकदा माझ्या तोंडून निघालंसुद्धा होतं, द्या बाबा त्यांना एखादी खोली — मग दुसराच विषय निघाला. आणि आमचं काही गेलं नाही असं समजू नकोस. आपल्या दोघांमधली भिंत काळी ठिक्कर पडलीय, माझ्या गोठ्याचं छप्पर गेलं, म्हैस तेवढी वाचली, ती मी सकाळीच पलीकडे नेऊन बांधली होती म्हणून — म्हणजे चाऱ्यासाठी. दर शुक्रवारी नेतो. नाही नेत? असा बघू नकोस रे. ऐकलं होतं मी. गुरुवारी पोरं बोलत होती, पण पोरं काय, रोजच काहीतरी बोलतात. संध्याकाळी तुझ्या दाराशी आलो होतो मी, अल्लाशपथ, सांगायलाच आलो होतो — तुझी आई भट्टीतून पाव काढत होती, तिने एक गरम पाव माझ्या हातावर ठेवला, म्हणाली, खा रिदवान, किती वाळलायस — आणि मला वाटलं, कशाला या माणसांना उगीच घाबरवायचं. पाव खाल्ला आणि घरी गेलो.

एक विचारायचं होतं. त्या अधिकाऱ्याने तुझा जबाब घेतला ना, तेव्हा — बाकांचं विचारलं का? म्हणजे सहज. सगळं पेटलं ते बाकांवरूनच ना. तुझ्या वरच्या मजल्यावर चौदा बाकं, ओळीने, ताज्या पॉलिशची — कुणीतरी खिडकीतून बघितली आणि झालं, लबीबने घरात चर्च काढलं! अरे गाढवांनो, उंची तरी बघायची होती! दीड वीत उंचीची बाकं, त्यांवर कुठला बाप्या बसणार प्रार्थनेला, गुडघे कानाला लागतील! ती काय बसायची बाकं आहेत का, ती पोरांनी पुढ्यात घ्यायची, वर कुराण उघडून ठेवायचं आणि —

हळू बोलायला हवं.

तुला माहीत, मला माहीत, आणि वर त्याला. माझी बायको गेली त्या वर्षी मी मनाशी धरलं होतं, मशिदीत पोरं थंड फरशीवर पोक काढून शिकतात, त्यांना बाकं द्यायची, तिच्या नावाने — पण नाव न सांगता. बोलून दाखवलेल्या दानाचा तिला भारी तिटकारा. ईदच्या सकाळी पोरं येतील, बाकं मांडलेली असतील, कुणी ठेवली कुणाला पत्ता नाही! किती खूश होतो मी, आठवतंय? तुझ्यासारखा सांधा बसवणारा साऱ्या जिल्ह्यात नाही, म्हणून तुझ्याकडे आलो. कुणाला सांगू नकोस म्हटलं, तर तू हसून म्हणालास, हाजसाहेब, माझ्याबरोबर कबरीत जाईल ही गोष्ट. खाली भुसा उडतो, पॉलिशला चिकटतो, म्हणून बाकं तू वर नेलीस. माझ्याच बाकांचं पॉलिश बिघडू नये म्हणून.

मग मी शुक्रवारी का नाही बोललो? हेच विचारायचंय ना तुला? विचार की. नाही विचारत. मग मीच सांगतो. मी तिथेच होतो. दहा पावलांवर. शेख मुनीब, आमचा इमाम, तुझ्या दारात दोन्ही हात पसरून उभा होता, पोरं त्याला ढकलत होती, पगडी केव्हाच पडली होती, आणि तो घसा फोडून ओरडत होता — थांबा, आधी विचारा तरी, बाकं कशाची आहेत ती! कशाची! एकच शब्द बोलायचा होता मला. माझी. एवढाच. आणि मला वाटलं, म्हणतील, रिदवान ख्रिश्चनाला वाचवायला खोटं बोलतोय. मला वाटलं, म्हणतील, मशिदीतल्या पोरांसाठी याला दुसरा सुतार मिळाला नाही का. मला वाटलं, माझ्याही छपरावर वाळलेलं पाचटच आहे. एवढ्याशा वेळात माणसाला किती काय वाटतं रे! शेख मुनीबला सांगितलं असतं तर त्याने मला तिथल्या तिथे मिठी मारली असती, हेही वाटलं, पण तोवर जिन्यातून धूर यायला लागला होता, आणि तुझी आई वर होती, आणि तिला खाली आणायलाही मी गेलो नाही. लाज वाटते. झोप लागत नाही मला, लबीब.

म्हणून विचारतो. त्यांनी विचारलं असेलच, बाकं कुणाची, आणि तू — सांगितलंस तर तुझी काही चूक नाही म्हणा, घर जळलेला माणूस — पण आज ते बाहेर त्यांच्या हाती असेल तर मला आधी कळायला — काय काढतोयस? जबाबाची नक्कल? दे. थांब, चष्मा — हा. ‘विचारले असता सांगतो की, सदर चौदा बाके मी माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या लोकांच्या प्रार्थनेसाठी तयार केली. त्यात दुसऱ्या कुणाचाही संबंध नाही.’

अल्हम्दुलिल्लाह.

— नाही, देवाचे आभार नव्हते मानायचे मला! सुटलं तोंडून. लबीब, तसं नव्हतं रे. म्हणजे — म्हणजे माफीचं ते वाक्य यातून आलंय? तूच दिलंस त्यांच्या हातात? मला दिलेला शब्द पाळायला? अरे वेड्या, असला शब्द पाळायचा असतो का! मी सोडवतो तुला त्यातून, या घटकेला सोडवतो, जा, बाहेर जाऊन सांग — नाही, थांब. तू सांगून कोण ऐकणार आहे. मलाच सांगायला हवं. हो, मलाच. कडी काढायची, चार पावलं जायचं आणि — मुखिया बसलाय तिथे. माझे भाऊबंद बसलेत. भिंतीला टेकून ती पोरंही आहेत, त्यातली दोन तर माझ्याच भावाची.

आलो, आलो! दोन मिनिटं!

पाच वर्षं तर आहेत, लबीब. मिन्यात माझ्या मेहुण्याची खोली रिकामी आहे, म्हातारीला दवाखाना जवळ पडेल, इथल्या घराकडे मी बघेन, भिंत मी स्वतः सारवून — हात कशाला पुढे करतोयस? कागद? हा राहू दे माझ्याजवळ. नीट ठेवतो. राहू दे म्हटलं ना!

मुखियासाहेब! उस्ता लबीबला कबूल आहे! पेन काढून ठेवा!

जा. सही कर. माझ्याकडे बघू नकोस — जा.