रविवारची दांडी

नाशिक रोडला बसच्या रांगेत माझ्यापुढे कॉलेजचा एक मुलगा आणि मुलगी उभे होते. बोलण्यावरून कळलं, दर रविवारी मित्रमैत्रिणींनी जमून फासे टाकत गोष्ट रचायची, असा त्यांचा खेळ. त्यात प्रत्येकाचा एक योद्धा.

“रूपाली, माझा योद्धा मेला का गं?”

“न कळवता दांडी मारलीस, मरायलाच हवा होता.”

“सांग ना!”

“साधना म्हणाली, जो आला नाही त्याचा मरू द्यायचा नाही. ‘जीवनचा बेशुद्ध आहे असं समजू.’ मग आम्ही डोंगरभर पाठीवर नेला तुझ्या योद्ध्याला.”

“आणि मागे लागलेला राक्षस?”

“ओझ्यानं पळता येईना. साधनाचा योद्धा एकटा मागे थांबला.”

“मग?”

“गेला.”

“साधनाचा? अगं, तो सगळ्यांत जुना होता!”

“तुला सांगू नका म्हणाली.”

बस आली. जीवन चढलाच नाही.

“ती जेल रोडलाच राहते ना?” त्याने विचारलं आणि चालू लागला.