दोन इंच खाली

मिस्त्री : दोन इंच फार होतात, सर. गाडी रोज वापरायची आहे. एक इंच खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बसवू. चाकावरची फट चार बोटांची तीन बोटं होईल, दिसेलही छान, आणि गतिरोधकावर पोट घासणार नाही.

भाऊ : दोन. आणि असतील त्यातल्या सगळ्यात कडक.

मिस्त्री : मावशी, बहिणीचं तरी ऐकतील. तुम्हीच सांगा.

ताई : मी काय सांगणार? मी नुसती शेजारी बसते. या वयात लोकांना गुडघ्यांची औषधं लागतात, आमच्या बाळूला स्पोर्ट्स गाडी लागली. अडुसष्टावं चालू आहे. खालच्या मजल्यावरची विचारत होती, नातवाला घेतली का म्हणून. याचं लग्नच झालेलं नाही, नातू कुठून आणू?

भाऊ : पस्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं मी. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेजारी बसलो, पाय सतत त्या दुसऱ्या ब्रेकवर. आता एक गाडी मनासारखी असावी की नाही?

ताई : असावी की. वेग किती असतो तेही सांग त्यांना.

भाऊ : नियमात असतो.

ताई : तीस. काल एका सायकलवाल्याने मागे टाकलं आम्हाला. जाताना हात करून गेला, ओळखीचा असल्यासारखा.

मिस्त्री : सरांच्या वेगाबद्दल मी बोलणार नाही, मावशी. मला यांनी दोनदा परीक्षेलाच पाठवलं नव्हतं.

भाऊ : तिसऱ्यांदा पाठवलं ना.

मिस्त्री : आरसा न बघता किल्ली फिरवली म्हणून. गाडी आवारात उभी, मागे भिंत. तरी म्हणाले, उतर खाली.

भाऊ : मागे भिंत आहे हे आरशात बघितलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं. स्प्रिंगा दाखव.

मिस्त्री : दोन्ही संच काढून ठेवलेत. हा एक इंचाचा, हा दोन इंचांचा. तुमच्या गाडीला दोन्ही बसतात. दोन इंचवाल्या घ्यायच्या तर मात्र शॉकअप पण बदलावे लागतील, नाहीतर सहा महिन्यांत तेल गाळतील.

ताई : ती पुढची द्या बघू इकडे.

मिस्त्री : जड आहे, मावशी. हात काळे होतील.

ताई : होऊ द्या. सत्तावीस वर्षं काळेच होते. स्प्रिंगच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते मी. आम्ही चौदा बायका होतो. यंत्राखाली स्प्रिंग ठेवायची, ठरलेलं वजन टाकायचं, किती दबली ते मोजायचं. दिवसाला चारशे.

मिस्त्री : सर, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

भाऊ : तू स्प्रिंगांचं कधी विचारलं होतंस?

ताई : या दोन्ही पुढच्याच ना? मग एकीवर हिरवा ठिपका आणि एकीवर पिवळा, हे कसं?

मिस्त्री : रंगाचे शिंतोडे असतील. कारखान्यातून येतात तसे.

ताई : शिंतोडे नव्हेत हो. हे ठिपके आम्हीच लावायचो. स्प्रिंग किंचित कडक निघाली की हिरवा, किंचित मऊ निघाली की पिवळा. दोन्ही पास. पण एका गाडीत समोरासमोर एकाच रंगाची जोडी जायला हवी. तुम्ही अशी बसवलीत तर गाडी एका खांद्याने उतरती चालेल, आणि चूक चाकांत आहे असं समजून तुम्ही महिनाभर चाकं सरळ करत बसाल.

मिस्त्री : बसलोय, मावशी. गेल्या वर्षी एका गाडीपायी तीन आठवडे बसलोय. गिऱ्हाईक म्हणायचं, गाडी लंगडते. मी म्हणायचो, रस्ता उतरता आहे.

ताई : मागच्या खोलीत बघा, आणखी असतील. हिरव्याबरोबर हिरवी काढा.

मिस्त्री : काढतो. आधी एक सांगा, सर. रोजचं चालवणं कुठून कुठे?

भाऊ : घरापासून भाचीच्या शिवणाच्या दुकानापर्यंत. सहा किलोमीटर. ताई तिथे काज-बटणं करते. सकाळी सोडतो, दुपारी आणतो.

मिस्त्री : आणि लांबचा प्रवास?

भाऊ : नाही.

मिस्त्री : म्हणजे सहा किलोमीटर, तीसच्या वेगाने, काज-बटणांसाठी, रेसच्या स्प्रिंगा.

भाऊ : तुला बसवायच्या आहेत की माझी मुलाखत घ्यायची आहे?

ताई : त्यांचं बरोबर आहे, बाळू. कडक स्प्रिंग कशाला मागतात ते मला माहीत आहे. एक तर वळणावर वेगात जायचं असतं, नाहीतर ओझं वाहायचं असतं. वेग तू घेत नाहीस. आणि ओझं म्हणजे मी. सत्तेचाळीस किलो, चपला धरून.

भाऊ : मला रस्ता कळायला हवा. ही गाडी फार मऊ आहे. सोफ्यावर बसल्यासारखं होतं. खाली काय चाललंय ते कळतच नाही.

ताई : खाली काय चाललंय ते काचेतून दिसतं की.

मिस्त्री : सर, रागवू नका, पण एक दाखवायचं राहिलं. फुटपाथकडच्या दोन्ही चाकांच्या रिमला ओरखडे आहेत. चार ताजे, बाकीचे जुने.

भाऊ : तेच सांगतोय मी. स्प्रिंगा दबल्यात म्हणून घासतं.

मिस्त्री : स्प्रिंग दबली तर गाडी खाली येते, सर. बाजूला जात नाही.

भाऊ : अरुंद रस्ते आहेत आमच्याकडचे.

मिस्त्री : असतील. पण आज फाटकातून आत येताना तुम्ही आरसा बघायला पूर्ण मान वळवलीत. मी इथून बघत होतो. माझी मान अशी वळली असती तर तुम्ही टपली मारली असती.

भाऊ : मान आखडली आहे.

ताई : मान कशाने आखडेल, सकाळी मला शोधायला तीनदा स्वयंपाकघरात डोकावलास, मी दारातच उभी होते.

मिस्त्री : मी मागे जाऊन हिरवी बघतो.

ताई : थांबा हो, इथेच थांबा. बाळू, बाबांची सायकल आठवते?

भाऊ : सायकलचं इथे काय?

ताई : मी चालवायचे आणि तू मागे कॅरिअरवर. त्या कॅरिअरला ना गादी ना स्प्रिंग, नुसत्या तीन सळया. तू डोळे गच्च मिटायचास आणि बसणाऱ्या हिसक्यांवरून सांगायचास. आता गिरणी. आता पुलाचा सांधा. आता शाळेची फरशी. आई विचारायची, या पोराला बसताना कसलं दुखतंय रोज?

भाऊ : एकदाही चुकलो नव्हतो.

ताई : एकदाही नाही. मी मुद्दाम दुसऱ्या गल्लीने नेलं तरी ओळखलंस. म्हणून विचारते. पांढरा पट्टा चाकाखाली आला की कळावं, फुटपाथची कड जवळ आली की बसल्याजागी कळावं, म्हणून हव्यात ना तुला कडक स्प्रिंगा?

मिस्त्री : सर?

ताई : दिसत नाहीये तुला.

भाऊ : समोरचं दिसतं. अगदी स्वच्छ दिसतं. कडेचं गेलंय. नळीतून बघावं तसं झालंय.

ताई : डॉक्टर काय म्हणाले?

भाऊ : गेलेलं परत येत नाही म्हणाले. आहे ते थेंब घालून टिकवायचं.

ताई : आणि गाडीचं?

भाऊ : तेही म्हणाले.

ताई : काय म्हणाले?

भाऊ : चालवू नका म्हणाले. सात आठवडे झाले. त्यांनी सांगायला कशाला हवं होतं? मी स्वतः कितीजणांना घरी पाठवलंय डोळ्यांवरून. एक बाई रडत होत्या, तरी फॉर्म परत दिला होता मी.

ताई : आणि सात आठवडे मला शेजारी बसवून नेतोयस.

भाऊ : म्हणून तर तीसने.

मिस्त्री : बसा, सर. हे स्टूल घ्या. पाणी आणू?

भाऊ : पाणी नको. ताईची रोजची फेरी आहे, तेवढी राहायला हवी होती मला. ती दुकानात उतरते, मी दाराशी दहा मिनिटं थांबतो, भाची चहा देते. दुपारी पुन्हा तेच. बाकी दिवसभर मला काम काय असतं? वाटलं, गाडी रस्त्याजवळ गेली की निभेल.

ताई : दोन इंचांनी.

भाऊ : हसू नकोस.

ताई : हसत नाही. मी तुझ्यावर चिडलेली आहे, पण ते घरी. इथे काम उरकू. मिस्त्री, एक इंचवाल्याच बसवा. हिरवी-हिरवी.

मिस्त्री : अहो, पण मावशी, आता गाडी चालवणार कोण?

ताई : मी.

भाऊ : तू?

ताई : लायसन आहे माझ्याकडे. चाळीस वर्षांपूर्वी तूच शिकवलंस. पहिल्या फेरीत पास झाले, आणि त्याच संध्याकाळी तू म्हणालास, शहरात नको चालवूस. मग नवऱ्याने चालवली, मग तू. मी नूतनीकरण तेवढं चुकवलं नाही. गेल्याच महिन्यात डोळे तपासून घेतले, मोतीबिंदू काढल्यापासून मला गरजेपेक्षा जास्तच दिसतं. नाही दिसलं ते तुझं.

भाऊ : तू ब्रेक फार लवकर मारायचीस.

ताई : तीसच्या वेगाला चालेल. मिस्त्री, आणखी एक काम. शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसतो का, शिकवण्याच्या गाडीत असतो तसा?

मिस्त्री : बसतो. पण आता नवीन मिळायला वेळ लागेल.

ताई : नवीन कशाला? याच्या पलंगाखाली आहे. स्कूलची गाडी विकली तेव्हा तेवढा काढून आणला. जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलाय. दर वेळी खोली झाडताना मी तो बाजूला सरकवते, आणि पुन्हा होता तिथे ठेवते.

मिस्त्री : मग दांड्या बदलून बसवतो. आठवडा द्या. तोवर दुकानापर्यंत मी ने-आण करीन तुमची. आणि मावशी, चाळीस वर्षांनी एकदम रस्त्यावर नको. माझं आवार रोज संध्याकाळी रिकामं असतं.

भाऊ : ज्याला दिसत नाही त्याच्या पायाखाली ब्रेक देताय तुम्ही.

ताई : समोरचं दिसतं ना स्वच्छ? आणि तू कधी डोळ्यांनी ब्रेक मारलास? शिकणाऱ्याचा श्वास अडकला की माझा पाय आपोआप जातो, असं जेवताना सांगायचास. माझा श्वास अजून चालू आहे.

भाऊ : पस्तीस वर्षांनी स्वतःची गाडी घेतली, आणि परत शेजारच्याच सीटवर.

ताई : खरं सांगू का? या गाडीच्या स्टिअरिंगमागे तुला सुखात बघितलं नाही मी. दुसऱ्याच्या चुका काढताना बघितलंय.

मिस्त्री : ते मात्र मीही बघितलंय.

भाऊ : क्लच हलका आहे हिचा. तुला एकदम सोडायची सवय आहे.

ताई : सांगशील ना मग.

मिस्त्री : गाडी लिफ्टवर घ्यायची आहे. वीस पावलं आहेत, आवारातलीच. मी समोर उभा राहून हाताने दाखवतो. मावशी, ही किल्ली.

(गाडीची दोन दारं लागतात. इंजिन सुरू होत नाही.)

मिस्त्री : मावशी, फिरवा किल्ली. सरळच आहे, मागे नुसती भिंत आहे.

ताई : यांना घाई दिसते. बाळू, फिरवू?

भाऊ : आधी आरसा. आणि नजरेने बघायचा, ताई. मान वळवायची नाही.