अतिशहाणा सेनेटर

अरे, कुवेतमध्ये माझी नोकरी एका मराठी शब्दापायी जाता जाता वाचलीय! आमचा साहेब अमेरिकन, आणि त्याच्या राज्याचा सेनेटर कट्टर परंपरावादी. घरोघरी बंदूक हवी, गर्भपात बंद करा, असलं काहीतरी ठणकावून बोलायचा आणि गदारोळ झाला की सारवासारव करायचा. एकदा कँटीनमधल्या टीव्हीवर तो परदेशी कामगारांवर घसरला. मी शेजारच्या देशपांडेला म्हटलं, "अतिशहाणा आहे लेकाचा!"

मागे साहेब उभा.

"माझ्या सेनेटरला काय म्हणालास?"

मी घाईघाईने ताटात तोंड खुपसलं. देशपांडे मात्र शांतपणे म्हणाला, "सर, अति म्हणजे खूप. शहाणा म्हणजे हुशार."

साहेबाचा चेहरा खुलला. "अगदी बरोबर! मी त्यालाच मत देतो."

हुश्श! सुटलो बुवा. पण तो शब्द साहेबाला भलताच आवडला. पुढे खैरानच्या समुद्रकिनाऱ्यावर ऑफिसची सहकुटुंब पिकनिक होती. तिथे माझ्या खांद्यावर हात टाकून तो माझ्या बायकोला म्हणाला, "तुमचा नवरा आमचा सगळ्यात अतिशहाणा इंजिनियर!"

देशपांडेला ठसका लागला. बायको शांतपणे मला म्हणाली, "माणसाची पारख आहे हो साहेबांना."