साटं मोडलं

— नाई मामाजी, मी हात जोडणार नाई त्याच्यापुढं. तुमी चहा घ्या. दोन एसट्या बदलून वरवटहून डोणगावले आले, सासरचं मोठं माणूस, तुमचा मान हाय — पन तुमच्या भाच्याले, माह्या नवऱ्याले सांगा, गोजर काई सख्ख्या भावापुढं पदर पसरत नाई. "कोकिळे, ये परत" — एवढंच म्हनायचं हाय ना माह्या भावानं, निवृत्तीनं? आपल्याच बायकोले ये म्हनाले काय लागते? पाय लागतात? पाय नाईत, तोंड तं हाय ना त्याले!

ऐका — आतून ऐकू येते ना? ठक, ठक. अंबाडी कुटून राह्यला दोरासाठी. दोन म्हयने झाले मी इथं येऊन पडली, माही चार वर्षांची पोट्टी तिकडं तुमच्या घरी माह्याबिगर जेवते का उपाशी ऱ्हायते कोन जाने — अन् हा दोर वळते! साऱ्या गावाचे बैल बांधून देल्ले यानं, अन् बायको तेवढी सोडून देल्ली.

सोडूनच देल्ली, मामाजी. लोकायले वाटते, लंगड्याच्या घरात टिकली नाई, पळाली. खोटं हाय. रडत गेली तुमची भाची कोकिळा. यानंच दोर इकून नवं पातळ घेतलं, एसटीत बसवून देल्लं, अन् म्हने, "जा, तू मोकळी." मोठा देवमाणूस! अन् साट्यातली एक माहेरी आली तं दुसरीले कोन ठेवते? चौथ्या दिवशी तुमच्या भाच्यानं मले आनून टाकलं याच ओट्यावर. मले इचारलं कोनं? लग्नातबी नाई इचारलं. महाराष्ट्र झाला त्या साली — बाबा म्हने, निवृत्तीले पोरगी कोन देते? त्यायची कोकिळा आपल्याकडं, आपली गोजर त्यायच्याकडं. झालं. एका मांडवात दोन लग्नं, बाजारात बैल बदलतात तसं.

अन् हे आजचं नाई. तीन वर्षांचा असताना तापात पाय गेले त्याचे. माह्याहून दोन वर्षांनं मोठा, पन शाळेत नेलं कोनं? म्या. पाठीवर. तो आत बसे, मी भिंतीमागं उन्हात. सातवी पास झाला तो माह्या पाठीवर बसून — अन् मले सही येत नाई! वरून मलेच म्हने, "गोजरे, हळू चाल, शाई सांडते." हसू नका. वझं जाणवू नये म्हनून येता-जाता धडे म्हने माह्या कानात. अजून पाठ हायेत मले. जळो मेले ते धडे.

बिघडलं काय म्हनता? कुठं काय बिघडलं? आखाजीच्या सणाले आल्ती मी माहेरी. कोकिळा त्याच्या पायाले तेल लावून राह्यली होती, अन् दोघं हसत होते कायतरी. बस, एवढंच. हसत होते. अन् माह्या पाठीवर तुमच्या भाच्याचे — जाऊ द्या. तुमाले का ठाऊक नाई? मी म्हन्लं निवृत्तीले, तोंडावर म्हन्लं, "तुह्या मेलेल्या पायायसाठी मले जितं गाडलं. हे साटं मोडलं तं मी सुटीन." म्हन्लं! रागात म्हनते माणूस! आठ दिवसांनी कोकिळा एसटीत.

कळलं का तुमाले? मले सोडवाले मोडला त्यानं संसार स्वतःचा! शिकलेला ना! अबे, इचारायचं तं होतं मले! माही पोट्टी इसरला का तू? अन् आता मी कोन्या तोंडानं म्हनू, मले धाड परत त्या घरी? म्हन्लं तं आजच बोलावन तो कोकिळेले. आजच. ठाऊक हाय ना मले. म्हनूनच तं तोंड उघडत नाई मी — तो समजन, सारं फुकट गेलं —

नाई, नाई. हे तिकडं सांगू नका. तुमी काई ऐकलं नाई. मी काय सांगत होती — अंबाडी —

मामाजी... ठक ठक कवापासून बंद हाय हो?

तुमी निंगा. चहा ऱ्हाऊ द्या, निंगा म्हनते ना. उंबऱ्यापर्यंत सरकत येते तो — अन् सरकताना परक्यानं पाह्यलेलं त्याले आवडत नाई.